करोनाकाळातली अमेरिकी फी: चेक कोणाच्या नावावर, कोणत्या पत्त्यावर?

प्रति,
संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतली विद्यापीठे करोनाकाळातली फी परत करणार, अशा बातम्या गेली काही वर्षे अधूनमधून छापून येतात. बातमी आली की ज्यांची मुले २०२० साली तिकडे शिकत होती त्या घरांत विचारपूस सुरू होते. आमचे किती येणार, अर्ज कुठे करायचा, कर्ज देणाऱ्या बँकेला कळवायचे का? मथळ्यात कोट्यवधी डॉलर असतात, त्यामुळे निदान एका सेमिस्टरची निम्मी फी सुटेल असा पालकांचा समज होतो. प्रत्यक्षात हाती पडतात ते बहुतेक ठिकाणी शे-दोनशे डॉलर, कुठे त्याहून कमी, कुठे थोडे जास्त. तेही पडतीलच याची खात्री नाही. चेक निघतो मुलाच्या नावाने, जातो त्याच्या तेव्हाच्या भाड्याच्या खोलीवर आणि ठरावीक दिवसांत रद्द होतो. रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्यावी असे आम्हांला वाटत नाही. पण किती मिळणार, कोणाला मिळणार आणि कशामुळे अडते, हे आधी माहीत असले तर अपेक्षा बेताची राहील आणि चेकही हुकणार नाही.

अमेरिकेत जानेवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत चालणाऱ्या सत्राला स्प्रिंग सेमिस्टर म्हणतात. २०२० च्या मार्चच्या मध्यावर, म्हणजे हे सत्र साधारण निम्मे झाले असताना, वर्ग बंद होऊन शिकवणे संगणकाच्या पडद्यावर आले. वसतिगृह आणि मेसचे उरलेल्या आठवड्यांचे पैसे बहुतेक विद्यापीठांनी हिशेब करून परत दिले. ट्यूशन फी मात्र पूर्ण ठेवून घेतली. व्यायामशाळा, बससेवा, विद्यार्थी उपक्रम, प्रयोगशाळा यांसाठीची सक्तीची वेगळी शुल्के काहींनी अंशतः परत केली, बऱ्याच जणांनी केली नाहीत. त्या एप्रिलपासूनच दावे दाखल होऊ लागले. २०१९-२० या वर्षात अमेरिकेत भारतीय विद्यार्थ्यांची नोंद सुमारे १ लाख ९३ हजार होती. त्यातले जे पदवी घेऊन ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या परवान्यावर, नोकरी करत होते त्यांनी त्या सत्राची फी भरलेलीच नव्हती, तेव्हा त्यांचा इथे संबंध नाही. पण उरलेल्यांची संख्याही मोठी आहे आणि त्यांत मराठी घरे पुष्कळ आहेत.

‘ऑनलाइन शिकवणे वाईट होते’ या मुद्द्यावर यांतला एकही दावा चाललेला नाही. शिक्षणाचा दर्जा मोजणे हे आमचे काम नव्हे, अशी अमेरिकी न्यायालयांची जुनी भूमिका आहे आणि तसा मुद्दा मांडला की दावा पहिल्याच पायरीवर बाद होतो. म्हणून वकिलांनी तो कराराचा दावा म्हणून बांधला. प्रवेशाची माहितीपुस्तके, वर्गखोल्यांचे क्रमांक छापलेले वेळापत्रक, वर्षानुवर्षांचा प्रघात आणि त्याच विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची कमी फी, या साऱ्यांतून प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचे अलिखित वचन दिसते. वचन पुरे झाले नाही, तर किमतीतला फरक परत द्या. मागणी एवढीच.

सुरुवातीला ती फारशी चालली नाही. न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश जेसी फर्मन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाविरुद्धच्या दाव्यातला ट्यूशनचा भाग काढून टाकला आणि काही शुल्कांचा तेवढा शिल्लक ठेवला. पुढे वारे बदलले. मार्च २०२२ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या संघीय अपील न्यायालयाने जॉर्ज वॉशिंग्टन आणि अमेरिकन या दोन विद्यापीठांविरुद्धचे दावे पुन्हा उभे केले. त्याच वर्षी सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने शिकागोच्या लोयोला विद्यापीठाबाबत आणि २०२३ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या न्यायालयाने पिट्सबर्ग व टेंपल विद्यापीठांबाबत हाच रस्ता धरला. मात्र डीसीच्या न्यायालयाने हेही लिहून ठेवले की साथ आणि सरकारी बंदीमुळे वचन पाळणे अशक्य झाले, हा विद्यापीठांचा बचाव भक्कम ठरू शकतो. त्यावर विद्यार्थ्यांचे उत्तर असे की अशक्यतेमुळे काम करण्याची जबाबदारी सुटते, न केलेल्या कामाचे पैसे ठेवून घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. खटला पूर्ण चालवला तर कोण जिंकेल हे दोन्ही बाजूंना सांगता येत नव्हते, म्हणून तडजोडी झाल्या. तडजोडीत विद्यापीठ चूक कबूल करत नाही. भरलेल्या रकमेच्या मानाने आकडे लहान आहेत ते याच अनिश्चिततेमुळे.

आकडे असे: पेन स्टेट १ कोटी ७० लाख डॉलर, कोलंबिया १ कोटी २५ लाख, पिट्सबर्ग ७८ लाख ५० हजार, जॉन्स हॉपकिन्स ६६ लाख, डेलावेअर ६३ लाख, जॉर्ज वॉशिंग्टन ५४ लाख, रटगर्स ५० लाख, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ४५ लाख, कॉर्नेल ३० लाख. यादी पूर्ण नाही. पेन स्टेट आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ही दोन वेगळी विद्यापीठे आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण नावाच्या घोळात भलत्याच तडजोडीच्या संकेतस्थळावर माहिती भरली जाते.

एकाचा हिशेब मांडून पाहू. डेलावेअरचा दावा न्यायाधीश स्टेफानोस बिबास यांच्यापुढे होता. मार्च २०२३ मध्ये त्यांनी तो सामूहिक दावा, म्हणजे काही जणांनी साऱ्या गटाच्या वतीने चालवायचा दावा, म्हणून मान्य केला, तेव्हा गटात पदवी अभ्यासक्रमाचे १७ हजारांहून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांच्याकडून त्या सत्रात १६ कोटी डॉलरहून अधिक ट्यूशन घेतली गेली होती. म्हणजे सरासरी माणशी नऊ हजार चारशे डॉलरच्या आसपास. तडजोड झाली ६३ लाखांवर, एकूण ट्यूशनच्या जेमतेम चार टक्के. आता यातून वकिलांची फी जाते. सामूहिक दाव्यात ती साधारण एक तृतीयांशापर्यंत मागितली जाते, म्हणजे २१ लाख. उरलेल्या ४२ लाखांतून दाव्याचा खर्च, नोटिसा पाठवून चेक काढणाऱ्या संस्थेचा खर्च आणि ज्यांच्या नावावर दावा चालला त्या विद्यार्थ्यांचे काही हजार डॉलरचे मानधन वजा होते. हे खर्च धरलेच नाहीत तरी माणशी २४७ डॉलर होतात. गटाची व्याख्या रुंद करून त्यात पदव्युत्तर विद्यार्थी घेतले की तोच आकडा आणखी खाली येतो. बातमीतली रक्कम विद्यार्थ्यांच्या संख्येने भागून मोकळे होणाऱ्यांचा अंदाज नेहमी फुगलेला निघतो, तो इथे.

वाटपाची पद्धतही पाहावी लागते. काही तडजोडींत सगळ्यांना सारखा वाटा असतो, काहींत प्रत्येकाने भरलेल्या रकमेच्या किंवा घेतलेल्या क्रेडिट्सच्या प्रमाणात. सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी राज्याबाहेरच्या दराने फी भरतो आणि हा दर स्थानिकाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्तही असू शकतो. सारख्या वाट्यात पिट्सबर्गच्या मुलाला आणि पिंपरीच्या मुलीला एकच रक्कम मिळते, मग तिच्या वडिलांनी कितीही जास्त भरलेली असो. हे आम्हांला न्याय्य वाटत नाही. पण त्यावर बोलण्याची वेळ एकदाच येते. न्यायालय तडजोडीला प्राथमिक मान्यता देते, नोटिसा निघतात, त्यानंतर लेखी हरकत घेण्याची किंवा गटातून बाहेर पडण्याची तारीख असते. ती उलटल्यावर अंतिम सुनावणी होते आणि मग हरकतीला अर्थ उरत नाही. गटातून बाहेर पडणे शे-दोनशे डॉलरसाठी कोणालाच परवडणारे नाही, कारण पुढे स्वतःचा दावा स्वतःच्या खर्चाने लढवावा लागतो. आणि बाहेर न पडता चेक वटवला नाही, तरी दाव्याचा हक्क गेलेलाच असतो. पैसेही नाहीत आणि हक्कही नाही, अशी ती अवस्था.

काही राज्यांत मुळात काही मिळणारच नाही, हे त्या पालकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. मॅसॅच्युसेट्सने २०२३ मध्ये पूर्वलक्षी कायदा करून उच्चशिक्षण संस्थांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले. बोस्टन विद्यापीठाविरुद्धचा दावा त्यावर संपला आणि मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही ते उचलून धरले. इंडियानाने २०२१ मध्येच असे सामूहिक दावे कायद्याने बंद केले. बॉल स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो कायदा वैध ठरवला. वैयक्तिक दाव्याची वाट तिथे कागदावर उघडी राहिली, पण एका सत्रातल्या फरकासाठी अमेरिकी वकील कोण लावणार? टेक्सासनेही २०२१ मध्ये तसाच कायदा केला आणि डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये तो राज्याच्या घटनेत बसतो असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बोस्टन, इंडियानातले पर्ड्यू विद्यापीठ आणि डॅलस या आपल्याकडच्या मुलांच्या आवडत्या जागा. त्या पत्त्यांवर कोणी ‘रिफंड क्लेम’ करून देतो म्हणत असेल, तर आधी या कायद्यांबद्दल त्याला विचारावे.

सर्वांत जास्त कळवळा ज्यांच्याबद्दल वाटतो त्यांची बाजू कायद्यात सर्वांत कच्ची आहे. ऑगस्ट २०२० मध्ये प्रवेश घेऊन ज्यांनी पुण्या-नाशिकच्या घरात बसून रात्री-बेरात्री तास केले आणि पूर्ण फी भरली, ती ही मुले. त्या जुलैत अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा असा आदेश ६ तारखेला काढला आणि हार्वर्ड व एमआयटी न्यायालयात गेल्यावर १४ तारखेला मागे घेतला. पण नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी २४ जुलैला वेगळा खुलासा आला की शिक्षण शंभर टक्के ऑनलाइन असेल तर देशात येता येणार नाही. मग घरूनच शिकणे किंवा प्रवेश पुढे ढकलणे, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे उरले. तरीही बहुतेक तडजोडी फक्त स्प्रिंग २०२० पुरत्या आहेत. पुढच्या सत्राची फी भरताना वर्ग ऑनलाइन असणार हे ठाऊक होते, म्हणून वचनभंगाचा मुद्दा टिकत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. सुरुवातीपासूनच ऑनलाइन असलेल्या अभ्यासक्रमांचे विद्यार्थीही वगळलेले असतात, आणि काही तडजोडींत ज्यांची सगळी फी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीतून भागली होती तेही.

‘सरकारने विद्यापीठांना पैसे दिले होते ना?’ असेही विचारले जाते. दिले होते. करोनाकाळातल्या मदतीसाठी केलेल्या मार्च २०२० च्या केअर्स कायद्यातून उच्चशिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलरचा निधी होता आणि संस्थांच्या वाट्यातला किमान निम्मा भाग विद्यार्थ्यांना तातडीची मदत म्हणून द्यायचा होता. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण खात्याच्या नियमाने वगळले गेले. हा नियम मे २०२१ मध्ये बदलला, तोवर पहिल्या फेरीचा बराच निधी वाटून झाला होता. तडजोडींतला चेक आणि ही मदत यांचा परस्परांशी संबंध नाही. मदत मिळाली नव्हती म्हणून चेक वाढत नाही, मिळाली होती म्हणून सहसा कमीही होत नाही.

आता पालकांना न रुचणारी गोष्ट. कर्ज वडिलांच्या नावावर असो, डॉलर आईच्या खात्यातून गेलेले असोत, हक्क विद्यार्थ्याचाच. न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध एका विद्यार्थिनीच्या आईने केलेल्या दाव्यात २०२३ मध्ये अपील न्यायालयाने हेच सांगितले: सज्ञान मुलीची फी भरली म्हणून आईला दाव्याचा अधिकार येत नाही, करार विद्यापीठ आणि विद्यार्थिनी यांच्यात आहे. तेव्हा पालकांच्या नावाने पाठवलेल्या ई-मेलला तडजोडीचे काम पाहणारी संस्था दाद देत नाही आणि देऊही नये. पत्रव्यवहार मुलाने किंवा मुलीने स्वतः करायचा. कर्ज देणाऱ्या भारतीय बँकेचाही या पैशांवर थेट हक्क नसतो. शैक्षणिक कर्जावरची प्राप्तिकराची वजावट व्याजावर असते, फीवर नाही, म्हणून तो हिशेब यामुळे बदलत नाही. अमेरिकेत रहिवासी म्हणून विवरणपत्र भरून ज्यांनी त्या वर्षी शिक्षणाची करसवलत घेतली असेल त्यांनी मात्र तिथल्या करसल्लागाराला विचारावे.

बहुतेक तडजोडींत अर्ज करावा लागत नाही. विद्यापीठ न्यायालयाच्या आदेशाने विद्यार्थ्यांची यादी संबंधित संस्थेला देते आणि चेक आपोआप निघतो. ऐकायला सोपे वाटते, पण घोटाळा इथेच होतो. नोटीस जाते विद्यापीठाच्या ई-मेलवर, जो पदवीनंतर अनेक ठिकाणी बंद केला जातो. चेक जातो विद्यापीठाकडे नोंदलेल्या शेवटच्या पत्त्यावर. अमेरिकी टपाल खाते पत्ता बदलल्याची सूचना दिल्यास साधारण बारा महिनेच टपाल पुढे पाठवते, आणि २०२० नंतर आपली मुले तीन शहरे तरी बदलून झालेली असतात. इलेक्ट्रॉनिक पद्धत निवडण्याची सोय संकेतस्थळावर असते, पण ती ठरावीक तारखेआधी निवडली नाही तर कागदी चेक निघतो. व्हेन्मो किंवा झेल या तिकडच्या पैसे पाठवण्याच्या सेवा निवडायच्या तर अमेरिकेतले बँक खाते लागते. भारतात परतलेल्यांनी ते बंद केलेले असते.

कागदी चेक भारतात आला तरी काम संपत नाही. डॉलरचा चेक आपल्या बँका ‘कलेक्शन’वर घेतात, म्हणजे तो परदेशी पाठवून वसूल झाल्यावर पैसे जमा करतात. त्याला आठवडे लागतात, दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क कापले जाते, आणि अनेक शाखा आता असे चेक घेतच नाहीत. दीडशे डॉलरच्या चेकवर हे शुल्क जड पडते. चेकवर मुदत छापलेली असते, बहुधा ९० ते १८० दिवस. नव्वद दिवसांचा चेक टपालाने अमेरिकेतून यायला तीन आठवडे, बँकेत महिना-दीड महिना, म्हणजे पहिल्या फेरीतच मुदत संपायला येते. तिकडच्या मित्राच्या खात्यात पाठीमागे सही करून भरू म्हटले तर दुसऱ्याच्या नावाचा चेक तिथल्या बँका सहसा नाकारतात. सर्वांत बिनत्रासाचा मार्ग म्हणजे स्वतःचे जुने अमेरिकी खाते चालू असेल तर मोबाइलमधून चेकचा फोटो काढून भरणे. म्हणून ज्यांच्या विद्यापीठाची तडजोड अजून अंतिम व्हायची आहे त्यांनी ते खाते एवढ्यात बंद करू नये. मात्र किमान शिल्लक न ठेवल्याचे शुल्क महिन्याला किती कापले जाते तेही पाहावे, नाहीतर चेकपेक्षा खात्याचाच खर्च जास्त व्हायचा.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. विद्यापीठाच्या नोंदीत कधी वडिलांचे नाव मधल्या नावात असते, कधी पहिल्या नावाला चिकटलेले, कधी गाळलेले. लग्नानंतर मुलीने नाव आणि आडनाव दोन्ही बदलले असेल तर चेक माहेरच्या नावाचा आणि खाते सासरच्या नावाचे. असा चेक बँकेत भरून परत येण्याची वाट पाहू नये. तो न वटवता संस्थेला कळवावे, विवाह प्रमाणपत्राची किंवा राजपत्राची प्रत जोडावी आणि नव्या नावाने चेक मागावा. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत हवेच.

ज्यांना चेक मिळालेला नाही त्यांनी हे करावे. आधी विद्यापीठाचे पूर्ण नाव आणि कोविड ट्यूशन सेटलमेंट हे शब्द टाकून तडजोडीचे संकेतस्थळ शोधावे. तिथे खटल्याचे नाव, न्यायालय आणि खटला क्रमांक दिलेला असतो. तोच क्रमांक कोर्टलिसनर या विनामूल्य संकेतस्थळावर टाकून संघीय न्यायालयाची नोंद जुळते का ते पाहावे. राज्य न्यायालयातला खटला तिथे नसू शकतो, तेव्हा त्या न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे. नंतर गटाची व्याख्या शब्दशः वाचावी: कोणते सत्र, कोणती पातळी, कोणत्या तारखेपर्यंत नाव नोंदलेले, कोण वगळले. आपण बसत असू तर संस्थेला ई-मेल करावा. त्यात विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, अभ्यासक्रम, सत्र, तेव्हाचा पत्ता आणि आताचा पत्ता एवढे पुरते. प्रश्न नेमके विचारावेत. माझे नाव यादीत आहे का? चेक निघाला का, कोणत्या तारखेचा? वटला आहे का? पुन्हा काढून देण्याची शेवटची तारीख कोणती? इलेक्ट्रॉनिक पर्याय अजून खुला आहे का? पासपोर्टची प्रत त्यांनी मागितल्याशिवाय पाठवू नये. विद्यार्थी क्रमांक आठवत नसेल तर जुन्या आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) सोबतच्या प्रवेशपत्रावर किंवा फीच्या पावतीवर तो सापडतो. विद्यापीठाचे पोर्टल उघडत असेल तर त्या सत्राचे खातेपत्रक आजच उतरवून ठेवावे.

त्या खातेपत्रकावर थकबाकी दिसत असेल तर ती आधी तपासावी. काही तडजोडींत विद्यार्थ्याचा वाटा प्रथम विद्यापीठाच्या येण्यात वळता होतो. वाचनालयाचा दंड किंवा न भरलेला आरोग्यविमा यांत शंभर डॉलर सहज जिरतात आणि चेक आलाच नाही अशी तक्रार होते.

मुदत उलटून गेली असेल तर? न वटलेल्या चेकचे पैसे कुठे जातात हे तडजोडीच्या करारात लिहिलेले असते. कुठे ते उरलेल्यांत पुन्हा वाटले जातात, कुठे एखाद्या धर्मादाय संस्थेला किंवा विद्यापीठाच्याच विद्यार्थी मदतनिधीला जातात. या तीनही प्रकारांत आशा सोडावी. काही ठिकाणी मात्र ते राज्याच्या बेवारस मालमत्ता विभागाकडे जमा होतात आणि तिथून ते नंतरही मागता येतात. मिसिंगमनी या संकेतस्थळावर अनेक राज्यांच्या अशा याद्या एकत्र आहेत. त्यात नाव शोधायला काही पडत नाही. शोधताना आडनावाच्या स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार टाकून पाहावेत.

नवा दावा करण्याची वेळ जवळपास सगळीकडे टळलेली आहे. करारभंगाच्या दाव्याची मुदत डेलावेअर व वॉशिंग्टन डीसीत तीन वर्षे, पेनसिल्व्हेनियात चार. तरीही व्हॉट्सॲपवर ‘अमेरिकन युनिव्हर्सिटी रिफंड, शेवटची संधी’ असे संदेश फिरतात, सोबत फॉर्म असतो, त्यात पासपोर्ट क्रमांक, बँक खाते आणि ‘प्रोसेसिंग फी’. न्यायालयाने नेमलेली संस्था पैसे देते, घेत नाही. कोणतीही आगाऊ रक्कम मागितली की तिथेच थांबावे. टक्केवारीवर ‘क्लेम मिळवून देणारे’ फसवणारे असतीलच असे नाही, पण जे काम एका ई-मेलने होते त्याला टक्केवारी कशाला?

ब्रिटनची गोष्ट निराळी आहे, म्हणून दोनच वाक्ये. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनविरुद्ध हजारो विद्यार्थ्यांनी ग्राहक कायद्याच्या आधारे दावा केला, पण त्या पद्धतीत ज्याने स्वतः नाव नोंदवले तोच दाव्यात असतो, आपोआप कोणी धरला जात नाही. त्यामुळे लंडनला शिकलेल्याने अमेरिकेतल्यासारखी चेकची वाट पाहू नये.

आपल्याकडे शाळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२१ च्या राजस्थान प्रकरणातल्या निकालानंतर महाराष्ट्र सरकारने त्या ऑगस्टमध्ये १५ टक्के फीकपातीचा आदेश काढला होता. तिथे टक्का ठरलेला होता, पालक शाळेत जाऊन तो मागू शकत होते. अमेरिकेत असा सरसकट आदेश कोणीच काढला नाही. प्रत्येक विद्यापीठाचा खटला वेगळा, रक्कम वेगळी, तारखा वेगळ्या.

म्हणून आपल्या बातमीदारांना एक विनंती. यापुढे अशी तडजोड जाहीर झाली की एकूण रकमेबरोबर चार गोष्टी छापाव्यात: खटला क्रमांक व न्यायालय, कोणत्या सत्राचे कोणते विद्यार्थी पात्र, पैसे घेण्याची पद्धत निवडण्याची शेवटची तारीख, आणि अंतिम सुनावणीचा दिवस. रुपयांत रूपांतर केलेला मोठा आकडा जागेअभावी गाळला तरी चालेल.

आपले,
परदेशी शिक्षणाच्या शुल्क व कर्जविषयक कामांशी संबंधित दोन वाचक, पुणे
(नावे छापू नयेत, ही विनंती.)